गच्चीवरच्या टाकीची पातळी स्वयंपाकघरात, एका सेलवर

इंदुरात नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरले आहे हे स्वयंपाकघरातच कळले तर जिन्याच्या फेऱ्या वाचतात. यासाठी गच्चीवर वीज नेण्याची गरज नाही. एका १८६५० या आकाराच्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम सेलवर हे काम भागते, मात्र माहिती राउटरमार्गे न पाठवता टाकीवरच्या यंत्राने ती घरातल्या यंत्राला थेट द्यावी.

त्यामागचा हिशेब असा. टाकीवरच्या यंत्रातली ईएसपी३२ ही वाय-फाय असलेली छोटी नियंत्रक चिप एरवी जवळपास बंद, म्हणजे गाढ झोपेत, असते. ती दर १० मिनिटांनी, म्हणजे दिवसातून १४४ वेळा, जागी होते आणि वाय-फायची जोडणी होईपर्यंत प्रत्येक वेळी ४ सेकंद सरासरी १२० मिलिअँपिअर ओढते असे धरले, तर रोज सुमारे १९ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. ईएसपी-नाऊ या, दोन ईएसपी चिपांनी एकमेकींना थेट निरोप देण्याच्या पद्धतीत राउटरशी बोलणी करावी लागत नाहीत. मोजणीसह ०.३ सेकंदात काम उरकले, तर तोच खर्च दीडच्या आत राहतो.

घरातले यंत्र विजेवर कायम चालू ठेवावे आणि त्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या रेडिओचा ओळख क्रमांक, टाकीवरच्या यंत्राच्या प्रोग्राममध्ये लिहावा. दोन्ही यंत्रे एकाच चॅनेलवर, म्हणजे वाय-फायच्या एकाच लहरी-पट्ट्यावर, असणे आवश्यक आहे. घरातले यंत्र वाय-फायलाही जोडलेले असेल, तर त्याला राउटरच्या चॅनेलवरच राहावे लागते. वीज जाऊन आल्यावर राउटरने आपोआप दुसरा चॅनेल निवडला की निरोप पोहोचणे थांबते आणि दोष मात्र सेलला दिला जातो. म्हणून राउटरमध्ये चॅनेल, उदाहरणार्थ ६, कायमचा ठरवून टाकावा. एका निरोपात २५० बाइट मावतात. पातळी, सेलचा व्होल्टेज आणि निरोपाचा क्रमांक यांना आठ-दहा बाइट पुरतात. शेजाऱ्यांना आपल्या टाकीची पातळी कळल्याने काही बिघडत नसल्यामुळे सांकेतिकीकरण वगळले तरी चालते.

मागची पातळी चिपच्या गाढ झोपेतही टिकणाऱ्या आरटीसी मेमरीत ठेवावी आणि फरक २ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर रेडिओ सुरूच करू नये. तासाला एक निरोप मात्र पाठवावा, म्हणजे यंत्र जिवंत असल्याचे कळते.

गाढ झोपेतील सुमारे १० मायक्रोअँपिअर हा आकडा नुसत्या चिपचा असतो. बाजारात मिळणाऱ्या तयार बोर्डावरचा लाल दिवा आणि रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) अनेकदा काही मिलिअँपिअर सतत खातात, आणि वरची सगळी बचत तिथेच बुडते. दिवा काढून टाकावा, रेग्युलेटर कमी खाणारा निवडावा आणि पातळी मोजणाऱ्या जलरोधक अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी अंतर मोजणाऱ्या) सेन्सरचा पुरवठा मॉसफेटने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचने, मोजणीपुरताच सुरू करावा. हा सेन्सर पाण्याच्या सर्वोच्च पातळीपेक्षा निदान २५ सेंटिमीटर वर बसवावा, कारण त्याहून जवळचे अंतर त्याला नीट मोजता येत नाही.

डबी टाकीच्या उत्तरेकडे सावलीत, पण जिन्याच्या दाराच्या बाजूला लावावी. मे महिन्याचे ऊन सेलला मानवत नाही आणि भरलेली टाकी व स्लॅब २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवतात.