मेडिक्लेम आणि सरकारी आरोग्य योजना : परवडण्याचा हिशेब कसा मांडावा

आरोग्य विमा परवडतो की नाही, हे बहुतेक घरांत वर्षाच्या हप्त्यावरून ठरवले जाते. सरकारी योजनेला हप्ता नाही, मेडिक्लेमला वीस-पंचवीस हजार भरावे लागतात, तेव्हा पहिली स्वस्त आणि दुसरा महाग, असा निष्कर्ष काढून विषय संपवला जातो. परंतु घरातील माणूस रुग्णालयात दाखल झाल्यावर पदरचे किती पैसे जातील, हा आकडा त्या हिशेबात येतच नाही. म्हणून एका कागदावर दोन रकाने आखावेत, पहिला सरकारी योजनेचा आणि दुसरा मेडिक्लेमचा, आणि दोन्हींत वर्षाचा हप्ता व एखाद्या संभाव्य आजारात होणारा पदरचा खर्च यांची बेरीज मांडावी. हे दोन्ही आकडे कसे काढायचे, ते महाराष्ट्रातील कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून पुढे सांगितले आहे.

सुरुवात स्वतःचा हक्क तपासण्यापासून करावी, कारण पैसे भरून विमा घेणाऱ्या अनेक कुटुंबांना आपण सरकारी योजनेतही बसतो याची कल्पना नसते. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाणारी राज्याची योजना पूर्वी मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी होती आणि तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांचे होते. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली, म्हणजे पांढरी शिधापत्रिका असणारेही तीत आले, आणि संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढले. केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्याशी जोडूनच राबवली जाते. गोव्यातील रहिवाशांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिचे संरक्षण तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांचे आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे आहे.

घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर त्यांचा विचार वेगळा करावा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील नागरिकांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेतील मोफत उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. घरात खासगी मेडिक्लेम असला तरी ते घेता येते. मात्र केंद्र सरकारी आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनेत जे आधीपासून आहेत, त्यांना दोहोंपैकी एकच निवडावी लागते. या वयात खासगी कंपन्यांचा हप्ता किती चढतो हे ज्यांनी भरून पाहिले आहे, त्यांना या कार्डाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या आणि कर्मचारी राज्य विमा कायदा लागू असलेल्या आस्थापनेत काम करणाऱ्या कामगाराला त्या कायद्याखालील योजनेचे, म्हणजे ईएसआयचे, संरक्षण असते. त्यात कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. २१ हजारांवर कामगाराचा वाटा महिन्याला सुमारे १५८ रुपये होतो, आणि तेवढ्यात बाह्यरुग्ण तपासणी व औषधेही येतात, जी फुले योजनेत किंवा सर्वसाधारण मेडिक्लेममध्ये येत नाहीत. पगारवाढ होऊन ही मर्यादा ओलांडली जाणार असेल, तर वाढलेल्या पगारातून मेडिक्लेमची तरतूद आधीच बाजूला काढून ठेवावी.

हक्क निश्चित झाल्यावर दुसरा प्रश्न रुग्णालयाचा. सरकारी योजनेचे पाच लाख केवळ अंगीकृत, म्हणजे योजनेशी करारबद्ध असलेल्या, रुग्णालयात आणि योजनेच्या यादीत असलेल्या उपचारांसाठीच मिळतात. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. त्यामुळे रात्री-अपरात्री आपण ज्या दोन-तीन रुग्णालयांत धाव घेऊ, त्यांची नावे कागदावर लिहावीत आणि प्रत्यक्ष जाऊन तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारावे : आपण अंगीकृत आहात का, कोणत्या विभागासाठी, आणि हृदयविकार किंवा हाड मोडणे अशा आमच्या दृष्टीने संभाव्य उपचारांचा त्यात समावेश आहे का? एखादे रुग्णालय मूत्रपिंडाच्या आजारांसाठी अंगीकृत असते आणि अस्थिरोगांसाठी नसते, म्हणून नुसती पाटी पाहून समाधान मानू नये. याच फेरीत शिधापत्रिकेवरील आणि आधारवरील नावे जुळतात का, सर्व मुलांची आणि नव्या सुनेची नावे शिधापत्रिकेत आहेत का, हेही पाहावे. ऐन वेळी ‘जोतीराम’ आणि ‘ज्योतिराम’ यांतील फरक दूर करायला तहसील कार्यालयात धावणे कोणाच्याही वाट्याला येऊ नये. योजनेची मदतवाहिनी १५५३८८ या क्रमांकावर आहे.

अंगीकृत रुग्णालय जवळ असेल, तर पहिल्या रकान्यातील बेरीज खरोखर शून्याजवळ येते, आणि मधुमेह किंवा रक्तदाब आधीपासून असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते. चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत असे रुग्णालय नसेल, तर प्रवास, नातेवाइकांचा मुक्काम आणि बुडालेली मजुरी या रकान्यात लिहावी लागते.

आता खासगी मेडिक्लेमचा रकाना. वैयक्तिक आणि कौटुंबिक पॉलिसींवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेव्हा जुन्या कोटेशनवरून तुलना करू नये. हप्त्याखेरीज तीन गोष्टी पॉलिसीच्या कागदांतून शोधून काढाव्यात. पहिली प्रतीक्षा काळाची : आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबायला लावू शकते, म्हणजे मधुमेही माणसाने तेवढी वर्षे हप्ता भरूनही त्या आजाराचा खर्च पदरचाच धरावा. दुसरी को-पेची, म्हणजे प्रत्येक दाव्यातील आपला ठरलेला वाटा; आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत तो ५ टक्के असतो, ज्येष्ठांच्या काही पॉलिसींत बराच जास्त.

तिसरी गोष्ट खोलीभाड्याची मर्यादा, आणि सर्वांत जास्त माणसे इथेच फसतात. समजा, विमा तीन लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार आहे. तुम्ही सहा हजारांची खोली घेऊन पाच दिवस राहिलात. बिलात खोलीचे ३० हजार, शस्त्रक्रिया, डॉक्टर व परिचर्येचे ९० हजार, आणि औषधे व शरीरात बसवलेल्या उपकरणांचे ६० हजार, असे एकूण १ लाख ८० हजार झाले. खोलीभाडे मर्यादेच्या दुप्पट असल्याने कंपनी खोलीचे १५ हजार देतेच, पण शस्त्रक्रिया व डॉक्टरांच्या रकमेतूनही त्याच प्रमाणात निम्मी कपात करते आणि ४५ हजारच देते. औषधे व उपकरणांचे ६० हजार पूर्ण मिळतात. म्हणजे हाती १ लाख २० हजार आणि पदरचे ६० हजार, तेही विम्याची रक्कम संपलेली नसताना. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी दोन-तीन हजारांनी महाग असली, तरी मोठ्या शहरात राहणाऱ्याला ती बहुधा स्वस्तच पडते, असे माझे मत आहे.

हप्त्याचा आकडाही एका वर्षाचा धरू नये. चौघांच्या कुटुंबाचा हप्ता आज २४ हजार आहे आणि दरवर्षी १० टक्के वाढतो असे गृहीत धरले, तर दहा वर्षांत ३ लाख ८२ हजारांच्या आसपास भरावे लागतात आणि दहाव्या वर्षीचा हप्ता ५६ हजारांवर जातो. आजचे २४ हजार जमतात, पण दहाव्या वर्षीचे ५६ हजार निवृत्तीच्या उंबरठ्यावर जमतील का, हे पाहूनच विम्याची रक्कम ठरवावी; मध्येच पॉलिसी सुटली, तर प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो.

सरकारी पाच लाख पायाला आणि त्यावर पाच लाख डिडक्टिबलचा, म्हणजे वर्षातील पहिले पाच लाख सोडून त्यापुढचाच खर्च देणारा, स्वस्त सुपर टॉप-अप हा पूरक विमा, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. त्याचा हप्ता कमी असतो हे खरे, पण त्यात एक मेख आहे. अंगीकृत नसलेल्या रुग्णालयात सरकारी योजना एक रुपयाही देत नाही, आणि सुपर टॉप-अप पाच लाखांच्या पुढेच सुरू होतो. अशा रुग्णालयात चार लाखांचे बिल झाले, तर दोन्ही संरक्षणे हाताशी असूनही चारही लाख खिशातून जातात. म्हणून ज्यांच्या यादीतील रुग्णालये अंगीकृत नाहीत, त्यांनी आधी तीन ते पाच लाखांचा साधा मेडिक्लेम घ्यावा आणि सुपर टॉप-अप त्यावर चढवावा. नोकरीतून मिळणारा सामूहिक विमा पाया म्हणून धरला असेल, तर तो नोकरीबरोबर जातो, एवढे त्या रकान्याच्या समासात लिहून ठेवावे.

दोन्ही बेरजा मांडल्यावर आधीची पॉलिसी महाग पडते असे दिसले, तर ती सोडून न देता दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करण्याचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा, म्हणजे काढलेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही.