आधी जुना पॅड काउंटरवर ठेवा

वाईत, पसरणी घाटाच्या पायथ्याला आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. मे महिन्यात पाचगणीहून उतरलेली गाडी दारात थांबली की माणूस आत यायच्या आधी वास आत येतो. भाजलेल्या ब्रेक पॅडचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणाऱ्या तुकड्यांचा. मग गिऱ्हाईक येतं, मला बघतं, माझ्या मागे डोकावून "साहेब नाहीत का?" विचारतं. नाहीत म्हटल्यावर म्हणतं, "बरं ताई, स्विफ्टचे चांगल्यातले डिस्क पॅड द्या."

नुसतं "स्विफ्ट" सांगून पॅड देता येत नाहीत. आणि "चांगल्यातले" या शब्दाने तर मला काहीच कळत नाही.

एकाच नावाची गाडी वर्षानुवर्षं विकली जाते, पण साल, इंजिन, मॉडेल बदललं की कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, बदलू शकतो. काउंटरवर बसायला लागले त्या पहिल्या वर्षी मी नुसतं नाव ऐकून सेट दिला होता. तासाभराने मिस्त्रींचा फोन, "ताई, कान बसत नाहीत ब्रॅकेटमध्ये." म्हणजे पॅडची दोन टोकं कॅलिपरच्या चौकटीत बसत नव्हती. गाडी जॅकवर, चाकं बाहेर, आणि त्या कुटुंबातली दोन मुलं माझ्या पायरीवर बसून माझाच बिस्किटांचा पुडा संपवतायत. तेव्हापासून माझा नियम आहे: आरसी बुकाचा फोटो दाखवा, त्यावरचा सतरा अक्षरांचा चॅसी नंबर मला लागतो. शिवाय जुना पॅड आणा. नवा त्याच्यावर ठेवून कान, जाडी, मागच्या पत्र्याचा आकार जुळवते, मगच बिल.

जुना पॅड आणायला सांगते त्याला दुसरंही कारण आहे. दुखणं पॅडचंच आहे का, हे तोच सांगतो. नव्या पॅडवर पत्रा सोडून साधारण दहा-बारा मिलिमीटर मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, असतो. तो तीनवर आला की बदला. चिरका आवाज यायची वाट बघू नका. आणि चाकाच्या फटीतून डोकावून "अजून आहे की" म्हणू नका, कारण तिथून फक्त बाहेरचा पॅड दिसतो. आतला बऱ्याचदा जास्त झिजलेला असतो. आतला पार पत्र्याला टेकला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक, असं दिसलं तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लायडर पिना जाम आहेत किंवा पॅड ढकलणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, मागे सरकत नाही. ते न सोडवता नवे पॅड टाकलेत तर काही महिन्यांत पुन्हा माझ्याकडेच याल. माझा धंदा होईल, पण नका येऊ. पिना साफ करून सिलिकॉनचं ग्रीस लावायला सांगा. बेअरिंगचं साधं ग्रीस तिथे लावलं की रबर फुगतं.

आता "चांगल्यातले". सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये लोखंडाचा अंश जास्त असतो. उष्णता सोसतात, पण डिस्क जास्त खातात, आवाज करतात आणि चाकं काळी करतात. ऑर्गॅनिक मऊ आणि शांत, पण लवकर झिजतात. सिरॅमिक शांत, धूळ कमी, पण महाग. रोज ऑफिसला जाणाऱ्या हॅचबॅकला काय घ्यावं? कंपनीने मुळात जे बसवलं होतं तेच, किंवा त्याच तोडीचं. यात मला फारसा वाद दिसत नाही. भोकं पाडलेल्या, खाचा मारलेल्या डिस्कबद्दल मुलं विचारतात; वॅगनआरला त्याचा उपयोग फोटोपुरता.

तोड ओळखायला पॅडच्या कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर बघा. बऱ्याच पॅडवर कोडच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. ती पकडीची असतात: पहिलं साध्या तापमानाचं, दुसरं पॅड तापल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ ०.३५ ते ०.४५, ‘जी’ ०.४५ ते ०.५५. आमच्या भागात दुसरं अक्षर महत्त्वाचं. ‘एफ ई’ लिहिलेला पॅड बाजारात फिरताना छान वाटेल, पण आंबेनळीने पोलादपूरला उतरताना तापला की पकड सोडेल. ‘एफ एफ’ असेल तर बरं. मात्र ‘जी जी’ म्हणजे सगळ्यात भारी असं समजून पुढच्या चाकांना ते टाकू नका. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे डिस्क नाही, ड्रम ब्रेक असतात, आणि कंपनीने पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ मुळातला पॅड धरून बसवलेला असतो. ही अक्षरं टिकाऊपणाबद्दल काहीच सांगत नाहीत, हेही लक्षात ठेवा. ज्या पॅडवर ना कोड, ना बॅच नंबर, ना बनवणाऱ्याचं नाव, तो खोका कितीही चकचकीत असो, परत द्या.

डिस्कच्या बाबतीत मात्र लोकांचे पैसे दोन्ही बाजूंनी वाया जातात. कुणी चांगली डिस्क फेकतो, कुणी संपलेली लेथवर घासून पुन्हा बसवतो. डिस्क बघून ठरवायचीच नाही, मोजायची. तिच्या टोपीवर (मधल्या उंचवट्यावर) किंवा कडेला किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. गंज घासला की दिसतो. छोट्या गाड्यांत नवी जाडी आणि ही किमान जाडी यांत साधारण दोन मिलिमीटरचाच फरक असतो. म्हणजे खोल रेघा काढायला लेथवर चढवली की बहुधा तिथेच ती हद्दीखाली जाते. पातळ डिस्क उष्णता साठवू शकत नाही, घाटात लवकर तापते.

मोजताना एक फसगत होते. पॅड जिथे टेकत नाही तिथे, बाहेरच्या काठाला, न झिजलेली कड उरते. साधा व्हर्नियर लावला की त्याचे जबडे त्या कडेवर बसतात आणि डिस्क नव्यासारखी जाड दिसते. मायक्रोमीटर नसेल तर कडेच्या आत दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं नाणं धरा, सगळं मिळून मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. तीन-चार ठिकाणी मोजा, सगळ्यात कमी आकडा धरा. तो हद्दीच्या वर आहे, रेघा नखाला अडकत नाहीत, ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरत नाही? मग डिस्क राहू द्या, नुसते पॅड घ्या. दाबताना थरथरत असेल तर डिस्कवर संशय घ्या. ब्रेक न दाबताच ऐंशीला थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करा.

पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो. बिडाची आहे ती, गंजणारच. चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो. आणि घाट उतरून लगेच तापल्या चाकावर पाण्याचा पाइप धरू नका. आमच्याच दारात लोक करतात, मी ओरडते.

बदलायचं ठरलं तर पॅड असो वा डिस्क, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचं एकदम, नाहीतर गाडी ओढते. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढा आणि डिस्क जिथे बसते त्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर नवी डिस्कही वाकडी फिरते. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही बदला. ते हवेतलं पाणी ओढतं: डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी ओढल्यावर १४०ला. घाटात पेडल खाली जातं ते बऱ्याचदा यामुळे.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. मागे ढकललेले पिस्टन पुढे आलेले नसतात आणि पहिला ब्रेक लागतच नाही. मग सुरूरकडच्या सरळ रस्त्याला, मागे कुणी नाही बघून, साठवरून वीसपर्यंत वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा. मध्ये थोडं अंतर चालवा, शेवटी थंड होऊ द्या. लगेच पाचगणी गाठायची म्हणणाऱ्याला मी पॅड देते आणि सांगते, आज वाईत राहा, गणपतीचं दर्शन घ्या, घाट उद्या चढा.