क्रथोंग करायचा तर आधी केळीचं पान मरगळू द्या

बँकॉकला राहायला आल्यापासून मी दर वर्षी लॉय क्रथोंग या थाई सणाला घरी क्रथोंग, म्हणजे पाण्यावर सोडायचा केळीच्या पानांचा द्रोण, करते, आणि दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच, "माझ्या पानाच्या पाकळ्या का फाटतात?" फाटणारच. कृती सांगणारे "पानाच्या पाकळ्या दुमडून लावा" एवढ्यावर उरकतात आणि पुढे फुलांची वर्णनं करत बसतात. फुलं कोणीही खोचेल. क्रथोंग जमतो किंवा बिघडतो तो पानात.

लॉय म्हणजे तरंगत सोडणं, आणि क्रथोंग म्हणजे अगदी आपला द्रोण. माशाचं होमोक वाफवायला पानाची जी वाटी करतात, तिलाही इथे क्रथोंगच म्हणतात. सण थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. २०२४ साली तो १५ नोव्हेंबरला, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्याच दिवशी होता. त्या रात्री वर्षभर पाणी वापरलं, मळवलं म्हणून फ्रा माए खोंगखा या जलदेवीची क्षमा मागतात. खोंगखा म्हणजे गंगा. पहिला कमळासारखा क्रथोंग सुखोथाई या जुन्या थाई राज्याच्या दरबारातल्या नांग नोप्पमात या स्त्रीने केला अशी कथा सांगतात. ती ज्या ग्रंथात आहे त्याची भाषा मात्र बँकॉकच्या तिसऱ्या राम राजाच्या काळातली, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली आहे, असं अभ्यासक म्हणतात. कथा कधीचीही असो, आकार कमळाचाच करा.

बूड सोपं आहे. केळीच्या खुंटाची १५ सेंटीमीटर रुंद, ४-५ सेंटीमीटर जाड चकती कापा आणि तासभर उभी ठेवून निथळू द्या. सोपटांत हवेचे कप्पे असतात, म्हणून ती छान तरंगते. जुने कपडे घाला, केळीच्या चिकाचा डाग जात नाही.

आता पान. इथे तानी केळीचं वापरतात. ती बियांची केळ, तिचं पान चिवट आणि चकचकीत असतं. ते मिळालं नाही तर कोणत्याही केळीचं पूर्ण वाढलेलं हिरवं पान घ्या. पोपटी कोवळं नको.

पहिल्या वर्षी मी सकाळी पानं आणली आणि ताजी आहेत तोवर करून टाकू म्हणून लगेच दुमडायला बसले. दहा पट्ट्यांतल्या सात उभ्या चिरल्या. आमच्या सोईत, म्हणजे गल्लीत, एक आजी राहतात. सगळे त्यांना याय म्हणतात. त्या शेजारी येऊन बसल्या, माझी पट्टी अंगठा आणि तर्जनीत चोळली आणि म्हणाल्या, "हे अजून जिवंत आहे." मग सगळी पानं उचलून त्यांनी अंगणात उन्हात पसरली.

तेच करा. मधला दांडा काढा, पान ओल्या फडक्याने दांड्याकडून कडेकडे, शिरेच्या दिशेने पुसा, आणि अर्धा तास उन्हात किंवा रात्रभर सावलीत ठेवा. बोटाभोवती गुंडाळल्यावर करकरलं नाही की तयार. गॅसवर शेकायचा सल्ला ऐकू नका. पान मऊ होतं खरं, पण काळपटतं आणि त्याची पाकळी संध्याकाळपर्यंत मान टाकते.

पट्ट्या कात्रीने आडव्या कापू नका. शिरेच्या दिशेने हाताने फाडा: ५ सेंटीमीटर रुंद, २० लांब. चकचकीत बाजू खाली करून पट्टी आडवी ठेवा. मध्यावर बोट दाबून उजवं टोक तिरकं खाली आणा, मग डावं. घराच्या छपरासारखं टोक तयार होईल. ही दुमड शिरांना तिरकी जाते, इथे सहसा फाटत नाही. मग दोन्ही उतार पुन्हा मध्याकडे घ्यायचे. ही दुसरी दुमड शिरेला समांतर जाते, आणि जिवंत पान नेमकं इथे चिरतं. इथे नख फिरवून घडी दाबायची नाही, बोटाच्या पेराने नुसती वळवायची. माझा हात आजही इथे आपोआप सावकाश होतो.

पाकळी खालून अडकवायची ती बांबूच्या चोयीने किंवा खराट्याच्या हिराच्या तुकड्याने. टाका आडवा घ्या, म्हणजे चार-पाच शिरा एकत्र धरल्या जातात. उभा घेतलात तर टाका शिरेतून सरळ फाडत जाईल. पत्रावळ टोचलेल्यांना हे सांगावं लागत नाही. स्टेपलर आणि टाचण्या मी घरात आणूच देत नाही. २०२३ साली बँकॉक महापालिकेने सहा लाखांहून जास्त क्रथोंग पाण्यातून काढले. त्यातल्या पानाफुलांचं खत करतात, आणि त्या खतात लोखंड जाता कामा नये. फोम तर नकोच. पावाचे क्रथोंग मासे खातील म्हणून सोडतात, पण तलावात एवढा पाव कुजला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासेच मरतात.

झालेल्या पाकळ्या तासभर तुरटीच्या गार पाण्यात बुडवून ठेवा. उन्हाने ढिलं पडलेलं पान पुन्हा ताठ होतं, आणि आता घडी सुटत नाही. मग चकतीच्या कडेला पानाची पट्टी गुंडाळा. पाकळ्या एका बाजूने ओळीने लावत जाऊ नका, शेवटी अर्ध्या पाकळीची फट उरते. आधी चार दिशांना चार लावा, मग मधल्या जागा भरा. दुसरी रांग थोडी खाली, पहिल्या रांगेच्या फटींवर.

मधे झेंडू, मखमल, कमळ, जे असेल ते. आपण मारुतीला घालतो ती रुईची फुलं इथे हमखास असतात, कारण त्यांचं थाई नाव राक, आणि राक म्हणजे प्रेम. बरोबर मध्यावर मेणबत्ती, शेजारी तीन उदबत्त्या. निघण्याआधी बादलीत तरंगवून बघा. कलला तर फुलं सरकवा.

घराला एक क्रथोंग पुरे. चाओ फ्राया नदीच्या लाटांत मेणबत्ती लगेच विझते, म्हणून मी उद्यानातल्या तळ्यावर जाते. मेणबत्ती लावा, क्रथोंग कपाळापर्यंत उचला, क्षमा मागा. मग खालच्या पायरीवर बसून दोन्ही हातांनी पाण्यावर टेकवा. त्याला ढकलू नका, कडेची पाकळी निसटते. मागचं पाणी हाताने हळू लोटा, तो आपणच पुढे जातो.