पाळी थांबल्यानंतर हाडांचा ठिसूळपणा: तपासणी आणि उपचार कसे करावेत

पाळी थांबली की शरीरातले इस्ट्रोजेन घटते आणि पुढची काही वर्षे हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. दुखत काहीच नाही. म्हणून बहुतेकींना ते कळते मनगट, मणका किंवा खुबा मोडल्यावरच.

हाडांची घनता आधी मोजून घ्या. पासष्टीनंतर प्रत्येकीने कंबर आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन, म्हणजे ही घनता मोजणारी एक्स-रे तपासणी, करावा. पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल, स्टेरॉइड तीन महिन्यांहून अधिक घेतले असेल किंवा आईचा खुबा मोडला असेल तर त्याआधीच. बीड जिल्ह्यात अनेक ऊसतोड महिलांची गर्भपिशवी ऐन तारुण्यात काढली गेली. सोबत अंडाशयही काढले असतील, तर त्यांची झीज तेव्हाच सुरू झालेली असते. त्यांना पासष्टीपर्यंत थांबवणे अन्यायाचे आहे. स्कॅनमधला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण स्त्रीच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजेच हाडांचा ठिसूळपणा. साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल, तर आकडा काहीही असो, उपचार लागतातच. शिबिरात टाचेला यंत्र लावून काढलेल्या आकड्यावर मात्र औषध सुरू करू नये.

दिवसाला सुमारे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पाव लिटर दुधातून साधारण 300 मिळते, 100 ग्रॅम नाचणीतून 350च्या आसपास. उरलेले गोळीतून घ्या, पण एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणानंतर घ्यावी. थायरॉइडच्या गोळीत आणि तिच्यात चार तासांचे अंतर हवे. व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची मात्रा आठवड्यातून एकदाच, डॉक्टरांनी सांगितले तितकेच आठवडे. ती चुकून रोज घेतल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंड बिघडू शकते.

ऑस्टिओपोरोसिस झाल्यावर नुसते कॅल्शियम पुरत नाही. झीज थांबवणारे औषध लागते. बहुधा ॲलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅम दिले जाते, आठवड्याला एक गोळी. वार ठरवून घ्या. सकाळी उठल्यावर चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती अख्खी गिळा, चघळू नका. दूध, चहा किंवा कॅल्शियमसोबत घेतली तर ती शोषलीच जात नाही. मग किमान अर्धा तास काही खायचे नाही आणि आडवेही व्हायचे नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. गिळताना दुखले किंवा छातीत जळजळ वाढली तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना भेटा. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर हे औषध चालत नाही, म्हणून क्रिएटिनिन आधी तपासतात. दात काढायचा असेल तर तेही आधी उरकावे. साधारण पाच वर्षांनी औषध पुढे चालू ठेवायचे की नाही, हे डॉक्टर ठरवतात. दरम्यान मांडीत किंवा जांघेत ठसठस सुरू झाली तर एक्स-रे काढून घ्या. क्वचित मांडीच्या हाडाला तडा जातो.

झीज थांबवणारे दुसरे औषध डेनोसुमॅब. त्याचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असते. ते मनाने बंद केले की झीज उसळून परत येते आणि एकापाठोपाठ मणके दबू शकतात. थांबवायचेच असेल तर त्याजागी दुसरे औषध ठरवूनच थांबवा.

रोज अर्धा तास झपझप चालावे आणि ओट्याला धरून टाचा उचलण्याचे व्यायाम करावेत. मणका आधीच दबला असेल तर पश्चिमोत्तानासन, किंवा वाकून पाण्याची बादली उचलणे, पूर्ण बंद. न्हाणीघरात भिंतीला दांडा बसवा, सरकणारी पायपुसणी काढून टाका आणि रात्री संडासाच्या वाटेवर दिवा राहू द्या.