लहान हातांचे नेमबाज आणि रायफलचा स्टॉक : या चुका टाळा

मुलीचं बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही, हे पालकांना दिसतं. इथपर्यंत सगळं बरोबर. त्यानंतर जे काही केलं जातं ते बघून आता मला थकवा येतो. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्निल कुसाळेला ब्राँझ मिळालं आणि रेंजवर नव्या पोरांची रीघ लागली, ही आनंदाचीच गोष्ट. पण त्याबरोबर दोन महिन्यांत राज्य स्पर्धेला उतरवण्याची घाईही आली. मग स्टॉक, म्हणजे रायफलचा दस्ता, नेमबाजाच्या अंगाला बसवायला वेळ कुणाकडे आहे?

मी इथे १० मीटर एअर रायफलपुरतंच बोलतोय. बहुतेकांची सुरुवात तिथून होते आणि लहान हातांचा प्रश्नही तिथेच आधी दिसतो.

स्टॉक मागून कापणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही.

नववीतली एक मुलगी होती. वडिलांनी तिच्यासाठी जुनी, लाकडी स्टॉकची जर्मन रायफल सेकंडहँड घेतली होती. रायफल उत्तम होती. ग्रिप, म्हणजे ट्रिगरमागची मूठ, मात्र मोठ्या पुरुषी पंजाच्या मापाची, त्यामुळे मुलीच्या बोटाचं जेमतेम टोक ट्रिगरला लागायचं. वडिलांनी सरळ हिशेब केला : पोर लहान, रायफल मोठी, तर रायफल लहान करा. ओळखीच्या सुताराने दस्ता मागून दोन बोटं कापला, वर झकास पॉलिशही मारून दिलं.

आता यात झालं काय ते बघा. ग्रिप आणि ट्रिगर यांच्यातलं अंतर होतं तेवढंच राहिलं, म्हणजे मूळ दुखणं जागच्या जागी. वर मागचा भाग आखूड झाल्याने ग्रिप खांद्याजवळ आली, मनगट जास्त वाकलं आणि बोट आधीपेक्षाही कमी पोचायला लागलं. डोळा पीप साइटच्या (नेम धरायच्या मागच्या भोकाच्या) फार जवळ गेला, म्हणून पोरगी मान मागे ओढून बसायला लागली. मागचं वजन गेल्याने नळीकडची बाजू जड झाली आणि डावा हात थरथरायला लागला. ती माझ्याकडे आली तेव्हा तक्रार होती, ‘मान दुखते.’ हाताबद्दल कुणी शब्दही काढला नव्हता.

आम्ही बटप्लेट (खांद्याला टेकते ती मागची पट्टी) आणि स्टॉक यांच्यामध्ये लाकडी स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, घालून लांबी परत आणली. ट्रिगरचं ब्लेड, म्हणजे बोट दाबतं तो भाग, त्याच्या पट्टीवर जेवढं मागे येईल तेवढं मागे घेतलं. मग ग्रिप घासायला घेतली. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच ग्रिपच्या ज्या भागावर टेकते, तिथलं थोडं लाकूड काढलं की अख्खा पंजा पुढे सरकतो. उजव्या हाताच्या नेमबाजासाठी ग्रिपच्या उजव्या बाजूचा फुगवटा कमी केला की बोटाला घालावा लागणारा वळसा कमी होतो. इतकंच काम होतं, आणि ते पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

स्टॉकची लांबी हाताची लांबी, खांदा, मान आणि नेमबाजीचं जाड जॅकेट यांवर ठरते. पंजा लहान असलेल्या माणसाचे हात लांब असू शकतात. कोपराच्या खोबणीत बट टेकवून बोट ट्रिगरला लागतं का बघायची जी पद्धत आहे ना, ती दुकानात ठीक. एअर रायफलच्या स्टँडिंग पोझिशनमध्ये त्या मापाचा फारसा उपयोग नाही.

घासताना घाई

माझी सवय सांगतो. रायफल रिकामी आहे, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) आहे, हे स्वतः बघायचं. मुलांच्या शब्दावर नाही. मग जॅकेट घालून पूर्ण पोझिशन, डोळे मिटून ग्रिप धरायची आणि डोळे उघडून बोट बघायचं. पहिल्या पेराचा मध्य ब्लेडवर हवा, बोट ट्रिगरवर सरळ मागे दाबता यायला हवं आणि बोटाची आतली कड लाकडाला घासायला नको. लाकडाला बोट टेकत असेल तर प्रत्येक शॉटला रायफल बाजूला ढकलली जाते. मग ग्रुपिंग, म्हणजे छिद्रांचा पुंजका, आडवं पसरतं आणि साइटला दोष दिला जातो.

कुठे घासायचं ते कळायला हाताला खडूची पूड लावून ग्रिप धरतो. जिथे पूड दाट उमटते तिथे दाब आहे. अर्धगोल कानस, त्यानंतर पॉलिश पेपर, आणि एका वेळी अगदी थोडं. मग आठवडाभर शूटिंग. मगच पुन्हा कानस. ‘सर, आजच करून द्या ना’ म्हणणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो. काम पूर्ण झालं की लाकडाला जवसाच्या तेलाचा हात द्यायचा, नाहीतर घाम लाकडात मुरतो.

ग्रिपवर टेप गुंडाळणं

बॅडमिंटनच्या रॅकेटची टेप एअर रायफलच्या ग्रिपवर! हात घसरतो म्हणून म्हणे. हात घसरतो कारण ग्रिप जाड आहे आणि पंजा तिला पुरता वेढत नाही. टेपने ती आणखी जाड होते. शिवाय आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत एअर रायफलची ग्रिप, फोरएंड (नळीखालचा, डाव्या हाताने पेलायचा भाग) किंवा स्टॉकचा खालचा भाग यांवर पकड वाढवणारं काही लावायला मनाई आहे. सरावात चालतं आणि स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्य तपासणीला, अडकतं. पोर रडतं, वडील ज्युरीशी भांडतात. ज्युरीचं काय चुकलं?

एपॉक्सी पुट्टीचंही तेच. लहान हाताला बहुतेक वेळा लाकूड काढावं लागतं, भरावं लागत नाही. कुठे पोकळी राहिली तर थोडी पुट्टी ठीक. पण हात घसरू नये म्हणून ग्रिपच्या पुढे किंवा बाजूला उंचवटा उभा केलात तर तो हील रेस्ट ठरतो, आणि एअर रायफलला हील रेस्ट चालत नाही.

फोटो बघून स्टॉक मागणं

पॅरिसचा फोटो मोबाइलवर दाखवून ‘असाच स्टॉक हवा’ म्हणणारे बरेच भेटतात. अहो, ती ५० मीटरची थ्री पोझिशन रायफल आहे. तिला पाम रेस्ट (डाव्या पंजाला टेकायला नळीखाली लावलेला आधार) चालतो, अंगठ्यासाठी भोक चालतं. १० मीटर एअर रायफलला दोन्ही बंद. वजनाची मर्यादाही वेगळी, एअर रायफल साइटसकट ५.५ किलोच्या आत हवी. डावा पंजा लहान असेल आणि रायफल खाली बसत असेल तर फोरएंडला नियमात बसणारा रायझर, म्हणजे उंची वाढवणारा ठोकळा, लावा, मूठ वळून त्यावर रायफल ठेवा, मनगट सरळ राहू द्या. पाम रेस्टचा नाद सोडा.

बाकीच्या, थोडक्यात

अख्खा स्टॉक बदलण्याआधी ग्रिप बदला. फाइनवर्कबाऊ, वाल्टर यांच्या ॲल्युमिनियम स्टॉकना ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते आणि ती सुटी निघते. रायफल घेतानाच विक्रेत्याला लहान माप सांगा, नंतर मागवायला महिने जातात.

ॲलन की हातात आली की सगळे स्क्रू एकदम फिरवू नका. आधी पेन्सिलने खुणा, मग एकच बदल.

दहा शॉट मारून ‘बसली’ म्हणू नका. मॅचमध्ये ७५ मिनिटांत ६० शॉट असतात. मोठी ग्रिप चाळिसाव्या शॉटनंतर बोलायला लागते. करंगळी आवळते, अंगठा दाबायला लागतो, आणि टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

टी-शर्टवर माप घेऊ नका. जॅकेट घालूनच.

वाढत्या वयाच्या मुलांची ग्रिप खोलवर कोरू नका. पंजा वर्षभरात बदलतो. त्यांच्यासाठी लहान मापाची तयार ग्रिप घ्या आणि ट्रिगर ब्लेड पुढे-मागे करत राहा.

क्लबच्या रायफलला कानस लावू नका. ती तुमच्यानंतर तिसऱ्याच पंजाला जाणार असते. त्याच मॉडेलची स्वतःची ग्रिप घेऊन ठेवा. सराव सुरू करताना ती बसवा, संपला की जुनी परत लावा. ग्रिप बदलली की हात आणि डोकं थोडं सरकतं, म्हणून झिरो, म्हणजे साइटची जुळणी, दर वेळी तपासायचा.