छोटी मोटरबोट शिकताय? या चुका टाळा

कोकणातल्या खाड्यांमध्ये १६-१८ फुटी फायबरच्या बोटी आता सर्रास दिसतात. मागे २५ ते ४० अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन असतं, आणि शिकणाऱ्याचा हात पहिल्याच दिवशी थ्रॉटल पुढे ढकलायला शिवशिवत असतो. मोकळ्या पाण्यात सुसाट बोट कोणीही नेतो. शिकायचं असतं ते हळू चालवणं, आणि त्याचाच नवशिक्यांना कंटाळा. वारा वाहत असताना बोट एका जागी धरून ठेवता येत नाही, तोवर वेगाच्या नादी लागू नये, असं माझं ठाम मत आहे.

जेट्टीला लागतानाची घाई

आउटबोर्डच्या बोटीला वेगळं सुकाणू नसतं. पंखा पाणी जिकडे फेकतो त्यावर बोट वळते. गिअर न्यूट्रलला आला की चाक कितीही फिरवा, बोट फारशी ऐकत नाही. नवशिक्याला हे ऐकून माहीत असतं, पण हाताला माहीत नसतं. मग ठरलेला प्रकार होतो. वारा पाठीशी घेऊन तो जोरात येतो, जेट्टी अंगावर आली की दचकून न्यूट्रल करतो, बोट वळेना म्हणून चाक गरागरा फिरवतो आणि शेवटी पुढच्या गिअरमधून थेट रिव्हर्स ओढतो. गिअर खाडकन वाजतो, इंजिन बंद पडतं आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, काँक्रीटवर आदळते. त्यातच पुढे बसलेला कोणीतरी पाय बाहेर काढून बोट अडवायला जातो. बोट, इंजिन, पेट्रोल आणि माणसं मिळून टनाच्या आसपास वजन होतं. ते पायाने थांबत नाही, पाय चिरडतो.

माझी पद्धत अशी. आधी वारा आणि पाण्याची ओढ बघायची आणि ज्याचा जोर जास्त त्याच्या तोंडावर यायचं, म्हणजे ब्रेकचं काम तोच करतो. फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला लटकवायचे फुगे) आणि दोर लांबवरच तयार ठेवायचे. जेट्टीशी २०-३० अंशांचा कोन धरायचा. दोन सेकंद गिअर, मग न्यूट्रल, पुन्हा गिअर, असं येत राहायचं. बोटीच्या लांबीइतकं अंतर उरलं की चाक जेट्टीपासून उलट बाजूला वळवून जरासा पुढचा गिअर द्यायचा, म्हणजे मागची बाजू जेट्टीकडे येते. मग न्यूट्रल करून क्षणभर थांबायचं, चाक जेट्टीकडे वळवायचं आणि हलका रिव्हर्स. बोट थांबते आणि मागून आत ओढली जाते. दर वेळी आधी चाक, मग गिअर. जमेना तर बाहेर पडून पुन्हा यावं, त्यात कमीपणा नाही.

सुटतानाही तसंच. बोट मागून फिरते, त्यामुळे जेट्टीला चिकटलेली असताना चाक बाहेर वळवून पुढे निघालात की इंजिनच जेट्टीवर घासणार. मागची बाजू हाताने ढकलून रिव्हर्समध्ये बाहेर यावं.

किल स्विचची दोरी

किल स्विच म्हणजे दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणारं बटण. त्याची लाल दोरी चाकाशेजारी लोंबकळत ठेवणाऱ्याच्या बोटीत बसू नये. चालवणारा पाण्यात पडला तर माणसाशिवायची बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर येते. दोरी मांडीला किंवा लाइफ जॅकेटला अडकवा आणि रोज निघण्याआधी एकदा ओढून इंजिन बंद होतंय ना ते बघा. पोहणाऱ्याला बोटीत घेतानाही इंजिन बंदच हवं, न्यूट्रल पुरत नाही.

खाडीच्या मुखाशी ओहोटीत येणं

ही चूक माणसं मारते. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो आणि तिथे पाणी उथळ असतं. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर निघतं, समोरून पश्चिमेचा वारा लाटा आत ढकलतो. प्रवाहाविरुद्ध आलेली लाट आखूड आणि उभी होते, आणि दांड्यावर फुटते. सकाळी ज्या वाटेने आरामात बाहेर गेलात तीच वाट दुपारी ओळखू येत नाही. समुद्राकडून येताना लाटांच्या फक्त पाठी दिसतात, त्यामुळे मुख आहे त्यापेक्षा शांत वाटतं. आत शिरल्यावर घाबरून थ्रॉटल वाढवला तर बोट लाटेचा माथा ओलांडून खाली घसरते, नाळ पाण्यात रुतते, मागून लाट उचलते आणि बोट आडवी होऊन उलटते. थ्रॉटल सोडला तर मागची लाट इंजिनाच्या बाजूने आत येते. अशा वेळी एकाच लाटेच्या पाठीवर, तिच्याच वेगाने राहून आत यावं लागतं. पहिल्या वर्षात हे करायला जाऊ नका.

त्यापेक्षा वेळ चुकवू नका. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते: चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या दिवसांत दुपारी दोन-तीनला ओहोटी ऐन जोरात असते, आणि खारं वारंही तेव्हाच भरात. नेमकी वेळ त्या बंदराच्या कोष्टकात बघा आणि परतीची वेळ निघण्याआधी ठरवा. उशीर झाला तर बाहेर खोल पाण्यात थांबा, भरती लागली की या. स्थानिक तांडेल (बोटीचा अनुभवी चालक) नको म्हणाला तर वाद घालू नका. खडकांचंही तेच. २४ ऑक्टोबर २०१८ ला मुंबईत शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेली स्पीडबोट खडकावर आपटून बुडाली आणि एकाचा जीव गेला. पाण्याखालचं वरून दिसत नाही.

बाकीच्या चुका

टू-स्ट्रोकला ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली ऑइल, अंदाजे धार नको. इंजिनातून पाण्याची पिचकारी येत नसेल तर लगेच बंद करा, बहुधा प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली असते. पेट्रोलचे तीन भाग धरा: जायला, यायला, आणि एक हात न लावायचा. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नको.

नांगर नेहमी नाळेवरून. मागून टाकलात तर लाट थेट इंजिनाकडून आत येते. खोलीच्या पाचपट तरी दोर सोडा, शेवटी दोन-तीन मीटर साखळी. ५ मीटर पाण्यात ८ मीटर दोर टाकून "नांगर धरत नाही" म्हणू नये.

इंजिन बंद पडलं तर कव्हर उघडायच्या आधी नांगर टाका. तुम्ही स्पार्क प्लग बघत बसता तोवर वारा बोट खडकावर नेतो. मग या क्रमाने बघा: किल स्विचची क्लिप जागेवर आहे का, गिअर न्यूट्रलला आहे का, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का. हा स्क्रू बंद राहिला की इंजिन सुरुवातीला नीट चालतं, मग टाकीत हवा शिरेना म्हणून पेट्रोल ओढता येत नाही आणि बंद पडतं. त्यानंतर नळीची दोन्ही टोकं घट्ट बसवा आणि पंपाचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा, त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. शेवटी इंजिन वर उचलून पंख्यात जाळं किंवा दोर गुंडाळलाय का ते बघा, पण किल स्विचची क्लिप काढूनच हात घाला. एवढं करूनही सुरू झालं नाही तर स्टार्टर मारत बसून बॅटरी संपवू नका. मोबाइलला रेंज आहे तोवर तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६.