डोंगरातल्या गावाजवळ मोटरहोम लावताना

डिझेल खालीच भरा, पाणी मात्र वर गावात पोचल्यावर. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, ते घाटातून कशाला ओढायचं? परतताना ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर सतत पाय ठेवला की तो तापतो आणि नेमका वळणावर धरत नाही. मी हे प्रत्येक नव्या चालकाला सांगतेच.

जागा दिवसाउजेडी निवडा. ओढ्याचं कोरडं पात्र कितीही सपाट दिसलं तरी तिथे थांबू नका. वर कुठेतरी पाऊस झाला तरी खाली लोंढा येतो. पाणसळ ठेवून गाडी समपातळीत आणा, चाकांना ठोकळे लावा. गॅसवर चालणारा फ्रिज तिरका राहिला तर नीट थंड करत नाही.

रात्रीची थंडी कमी लेखू नका. दर १००० मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. शून्याच्या आसपास सिलिंडरमधल्या द्रवरूप ब्युटेनचा वायू होणं थांबतं, म्हणून सिलिंडर प्रोपेनचा घ्या. बाहेरची पाण्याची नळी झोपण्याआधी रिकामी करा.

आणि शेगडी पेटवून, खिडक्या गच्च बंद करून कधीही झोपू नका. बंद जागेत शेगडीतून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो. त्याचा अलार्म बसवल्याशिवाय मी कुणाला मुक्कामाला जाऊ देत नाही.

सांडपाणी झाडीत सोडू नका, गावात त्यासाठी ठरवलेल्या जागीच टाकी रिकामी करा. खालची वस्ती तेच झरे पिते.